सैतानाला परवाना, मित्राला मज्जाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयाला एका घरातून जुन्या पुस्तकांची पेटी भेट आली. त्या घरातील वडील बोटीवर नोकरीस होते. पन्नास वर्षांपूर्वी रजेवर परतताना ते मुलांसाठी परदेशी बंदरांवरून अमेरिकन चित्रकथांचे गठ्ठे आणीत असत. पेटीत वरच्या थराला संतचरित्रे होती, पाठ निखळलेले एक प्रार्थनापुस्तक होते आणि त्याखाली तीस-पस्तीस रंगीत अंक. पहिल्याच मुखपृष्ठावर पेटत्या कवटीचा मोटारसायकलस्वार, दुसऱ्यावर ड्रॅक्युला, तिसऱ्यावर उघड्या छातीवर पंचकोनी ताऱ्याची खूण असलेला सैतानाचा पुत्र. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी तत्काळ सांगितले की, हे सारे आवारातच जाळून टाकावे. दुसऱ्यांना रद्दीवाला पुरेसा वाटला. आम्ही म्हटले, आधी वाचू. झाले, ते काम आमच्याच गळ्यात पडले.

जाळण्याचा प्रस्ताव नवा नाही आणि त्याला आपल्याच घरचा इतिहास आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९३८ साली सभ्य वाङ्मयाच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संघटना उभारली. आक्षेपार्ह नियतकालिकांच्या याद्या करणे हे तिचे काम, आणि पुढे त्या याद्यांत चित्रकथाही आल्या. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे सेंट पॅट्रिक या कॅथलिक शाळेच्या मुलांनी चित्रकथा गोळा करून त्यांची होळी केली. तेव्हाच्या अंकांत गुन्हेगारी कथांचा भरणा होता. भयकथांची खरी लाट १९५० नंतर आली. विल्यम गेन्स यांच्या ईसी कंपनीने 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' आणि तिची भावंडे काढली. त्यांतील प्रेते कुजकी होती, भाषा चावट होती; पण ज्याने खून केला त्याला शेवटच्या पानावर मुडद्याच्या हातून का होईना, शासन होत असे. त्या कथांची नीती इतकी कडक, की आपल्याकडील एखादा जुन्या वळणाचा धर्मोपदेशक त्यावर खूष व्हावा. अर्थात ती नीती सूडाची होती, हे विसरता येत नाही.

१९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचे चित्रकथांविरुद्धचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांची साक्ष झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली. मुखपृष्ठावर तिचा छोटा शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवीत ना. शीर्षकात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द नकोत, चालते-फिरते मुडदे नकोत, व्हँपायर नकोत, नरवृक नकोत, आणि प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा. या नियमांनी भयकथा सतरा वर्षे जवळजवळ गाडली गेली. नियमांच्या काटेकोरपणाची एक गंमत चित्रकथांच्या जगात अजून सांगतात. मार्व्ह वुल्फमन नावाच्या तरुण लेखकाचा उल्लेख एका अंकात 'भटका वुल्फमन' असा आला, तेव्हा संहितेच्या कचेरीने नरवृक चालणार नाही म्हणून हरकत घेतली. तो इसमाचा खरा उपनाम आहे हे पटवून द्यावे लागले.

जानेवारी १९७१ मध्ये संहिता सैल झाली. व्हँपायर आणि नरवृक परत येऊ शकतात, मात्र त्यांची हाताळणी ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांसारख्या अभिजात कृतींच्या वळणाची हवी. पो, साकी, कॉनन डॉइल यांची नावे या संदर्भात खुद्द नियमातच घातली गेली. हे कलम आम्ही दोनदा वाचले. भूताला दारात अडवून विचारायचे की तुझा जन्मदाखला कोणत्या साहित्यिकाने दिला आहे, आणि दाखला असला की आत सोडायचे, असा हा प्रकार. चालते मुडदे मात्र बाहेरच राहिले, कारण त्यांना कोणी मान्यवर साहित्यिक वडील लाभले नव्हते. सैतानाचे काय? त्याच्यामागे मिल्टन होता, ग्यॉटे होता. त्याला कोण अडवणार?

मग बांध फुटला. ऑक्टोबर १९७१ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये मॉर्बियस हा जिवंत व्हँपायर आला. एप्रिल १९७२ चा मुखपृष्ठ-महिना घेऊन 'टूम ऑफ ड्रॅक्युला' सुरू झाले, ऑगस्टमध्ये 'घोस्ट रायडर' अवतरला आणि १९७३ साली सैतानाचा पुत्र डेमन हेलस्ट्रॉम. मार्व्हल कंपनीचे स्टॅन ली यांना प्रत्यक्ष सैतानालाच नायक करायचे होते. रॉय थॉमस यांनी त्याऐवजी त्याचा पुत्र सुचवला. योगायोग असा की, १९४६ पासून अमेरिकेतील कॅथलिक शाळांत वाटली जाणारी 'ट्रेझर चेस्ट' ही सुबोध, सालस चित्रकथा याच १९७२ साली बंद पडली. ती अगदीच गुळमुळीत नव्हती. १९६४ साली तिने राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची क्रमशः कथा छापली, त्याचा चेहरा शेवटपर्यंत दाखवला नाही, आणि अखेरच्या भागात दाखवला तेव्हा तो कृष्णवर्णीय निघाला. असे धाडस ज्या मासिकात होते ते गेले आणि ड्रॅक्युला आला. एकामुळे दुसरे घडले असे आम्ही म्हणत नाही.

आता पेटीतील अंकांकडे वळू. 'टूम ऑफ ड्रॅक्युला' ही त्यांतील सर्वांत कसदार मालिका, याबद्दल आम्हांस शंका नाही. सत्तर अंक, १९७९ पर्यंत, आणि सत्तरही अंक एकाच हाताने रेखाटलेले: जीन कोलन. त्यांच्या चित्रांत ठळक रेषा कमी आणि धूर, सावली, ओले रस्ते जास्त. ड्रॅक्युलाचा झगा कोठे संपतो आणि काळोख कोठे सुरू होतो ते कळू नये, अशी योजना असते. सातव्या अंकापासून लेखन त्याच वुल्फमन यांच्याकडे आले आणि ड्रॅक्युला नुसता राक्षस राहिला नाही. अहंकाराने पोखरलेला, एकटा, कधी कधी दयेच्या उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरणारा असा एक माणूस झाला. पाप म्हणजे काय हे मुलांना समजावताना आपण जे सांगतो त्याच्या बरेच जवळ जाणारे हे चित्र आहे.

या मालिकेत व्हँपायरांच्या पाठलागावर निघालेल्या टोळीत ताज नितल नावाचा एक भारतीय आहे. आम्ही उत्सुकतेने पाने उलटली. ताज धिप्पाड आहे, निष्ठावान आहे आणि मुका आहे. ड्रॅक्युलाने त्याचा आवाज नष्ट केला आहे. पुढे व्हँपायर झालेल्या आपल्याच मुलासमोर उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो, आणि त्या प्रसंगीही तो बोलू शकत नाही. त्या काळच्या अमेरिकन कल्पनेत आपल्या माणसाला जागा मिळाली ती अशी! तरीही प्रामाणिकपणे सांगतो, मुलासमोरचा तो मूक बाप आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

क्रूसाचा प्रश्न येथे येतो. या अंकांत क्रूस उगारला की ड्रॅक्युला मागे सरतो. मुलांना ते फार आवडते आणि काही आयांनाही त्यात आधार वाटतो, असे आमच्या कानावर आहे. आम्हांस मात्र तेथेच अडखळायला होते. विजेचे बटण दाबावे तसा क्रूस चालतो. धरणाऱ्याचे मन कसे आहे, त्याने प्रार्थना केली की नाही, तो कोणावर विश्वास ठेवतो, याची चौकशी बहुधा नसते. आपली धर्मशिकवण याला श्रद्धा म्हणत नाही. पवित्र वस्तू गंडा-ताईत म्हणून वापरणे ही अंधश्रद्धाच, मग ती वस्तू क्रूस का असेना. चित्रकथांच्या लेखकांनाही ही उणीव पुढे जाणवली असावी. १९८२ च्या 'एक्स-मेन'मधील एका कथेत वुल्व्हरिनने उगारलेल्या क्रूसाचे ड्रॅक्युलाला काहीच वाटत नाही, कारण त्याचा विश्वास नाही. श्रद्धाळू नाइटक्रॉलरचा क्रूस त्याला रोखतो आणि ज्यू मुलगी किटीच्या गळ्यातील दाविदाचा तारा त्याला भाजतो. तेथे प्रथमच कोणीतरी योग्य प्रश्न विचारला, असे आम्हांस वाटते.

डीसी या दुसऱ्या कंपनीच्या अंकांबद्दल थोडक्यात. तिच्या 'हाउस ऑफ मिस्टरी' आणि 'हाउस ऑफ सीक्रेट्स' या मासिकांत प्रत्येक कथेची प्रस्तावना एक यजमान करतो. पहिल्या घराचा यजमान काइन, दुसऱ्याचा हाबेल. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील पहिला खुनी आणि पहिला बळी शेजारी-शेजारी घर करून विनोद करीत बसले आहेत! कल्पना भेदक आहे. परंतु बहुतेक वेळा ती विनोदापलीकडे जात नाही. भावाचे रक्त जमिनीतून ओरडते, ही गोष्ट त्या घरांच्या जाड भिंतींतून ऐकू येत नाही. कथा पाच-सहा पानी, शेवटच्या चौकटीत धक्का, आणि पान उलटले की विसर.

मात्र या अंकांतील चित्रांविषयी आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांतील अनेक उत्तम चित्रकार फिलिपिन्सचे होते: टोनी डिझुनिगा, नेस्टर रेडोंडो, अल्फ्रेडो अल्काला, अॅलेक्स नीन्यो. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी डीसीचे कारमाइन इन्फँटिनो आणि जो ओरलँडो स्वतः त्या देशात जाऊन चित्रकार निवडून आले. आशियातील सर्वांत मोठ्या कॅथलिक देशातील हात अमेरिकेची भुते काढीत होते. रेडोंडो यांनी १९७४ साली बर्नी राइटसन यांच्यानंतर 'स्वॅम्प थिंग' हाती घेतले: दलदलीत जळून वनस्पतींचा देह मिळालेला, मनाने माणूसच राहिलेला तो प्राणी. आणि १९७५ साली डीसीने मोठ्या आकारात बायबलमधील आरंभीच्या कथा काढल्या, तेव्हा त्याही रेडोंडो यांनीच चितारल्या. दलदलीतील वेली आणि एदेन बागेतील वेली एकाच कुंचल्याच्या. ज्यांना सारा गठ्ठा जाळायचा होता त्या आमच्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत.

डीसीचाच 'स्पेक्टर' १९७४-७५ मध्ये 'अॅडव्हेंचर कॉमिक्स'मधून आला. मायकेल फ्लायशर लेखक, जिम अपारो चित्रकार. मृत पोलीस अधिकारी जिम कॉरिगन वरून आलेल्या आज्ञेने पृथ्वीवर परततो आणि गुन्हेगारांना शासन करतो. एका खुन्याचे तो लाकूड करतो आणि करवतीखाली घालतो. संहितेचा शिक्का मुखपृष्ठावर आहेच, कारण नियमाप्रमाणे सत्प्रवृत्तीचा विजय झाला आहे! आमच्या मते पेटीतील सर्वांत अपायकारक अंक हे. त्यांत सैतान नाही, व्हँपायर नाही. देव आहे, आणि त्या देवाजवळ क्रोधाखेरीज काही नाही. करवत चालवणारा देव लहान मुलाच्या मनात शिरला तर तो काढायला किती वर्षे लागतात, हे पापनिवेदनाला बसणाऱ्या धर्मगुरूंना विचारावे.

आणि आता 'घोस्ट रायडर'. जॉनी ब्लेझ हा मोटारसायकलवर कसरती करणारा अनाथ तरुण. त्याला वाढवणारा क्रॅश सिम्पसन प्राणघातक रोगाने मरणार, म्हणून जॉनी सैतानाशी करार करतो: तो रोगाने मरू नये, माझा आत्मा घे. सैतान शब्द पाळतो. क्रॅश रोगाने मरत नाही. मोटारींच्या रांगेवरून उडी मारताना मरतो. गॅरी फ्रीडरिक यांची ही कथा आणि माइक प्लूग यांची चित्रे, १९७२. आम्ही हे वाचून थबकलो. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत शत्रूची उपमा चोरट्या प्रियकराला दिली आहे. आपले बोलणे मुलीने वडिलांना सांगू नये एवढीच त्याची धडपड असते, कारण उजेडात आले की त्याचा डाव संपतो. जॉनीचे नेमके हेच होते. प्रेमापोटी, गुपचूप, कोणालाही न विचारता तो सही करतो. सैतानाला हरवते ती क्रॅशची मुलगी रॉक्झॅन, आपल्या निर्मळ प्रेमाने. वीस सेंटच्या अंकात मोहाचे इतके नेमके वर्णन सापडेल असे आम्हांस वाटले नव्हते.

पुढे ती मालिका टोनी इसाबेला यांच्याकडे आली. सैतान दर अंकाला येतो, त्याची शिंगे, त्याचा धूर, त्याचे हसणे. मग दुसरी बाजू कोठे आहे, असा प्रश्न तेथील लेखकांतच निघाला. डिसेंबर १९७४ च्या नवव्या अंकात, जॉनी सैतानाच्या हाती पूर्णपणे सापडलेला असताना, एक दाढीवाला, शांत, साध्या वेषातील अनोळखी पुरुष येतो आणि सैतानाला सांगतो की याच्यावर तुझा अधिकार नाही. सैतान जातो. त्या पुरुषाला पुढे नुसते 'मित्र' म्हटले आहे. नाव कोठेही उच्चारलेले नाही. शस्त्र नाही, करवत नाही, क्रूससुद्धा उगारलेला नाही. तो कोण हे लेखकाच्या मनात स्पष्ट होते. इसाबेला यांनी नंतर जाहीरपणे सांगितले आहे की तो ख्रिस्तच होता, आणि जॉनीने त्याचा स्वीकार करून सैतानापासून कायमचे मुक्त व्हावे, असा शेवट त्यांनी योजला होता.

तो शेवट छापला गेला नाही. ऑगस्ट १९७६ चा एकोणिसावा अंक छपाईला जाण्यापूर्वी संपादकीय विभागात बदलण्यात आला. वाचकांना कळते ते असे की, मित्र ही सैतानाचीच माया होती. दोन वर्षे चाललेली कथा एका अंकात उलटली.

या बदलाच्या बाजूने बोलता येते, आणि आम्ही ते टाळणार नाही. ही मासिके सर्व धर्मांच्या आणि कोणताही धर्म नसलेल्या मुलांसाठी होती. त्यांत एका धर्माचा तारणारा नायकाला वाचवतो असे दाखवणे अनेकांना प्रचार वाटला असता. शिवाय संत पौलाने करिंथकरांस लिहिलेच आहे की सैतान प्रकाशाच्या दूताचे सोंग घेतो. मग मित्राचे सोंग का नाही? परंतु सोंग ओळखण्याची कसोटीही आपल्या परंपरेने दिली आहे: झाडाची ओळख फळावरून. मित्राने जॉनीकडून काही मागितले नाही, करार केला नाही, त्याला भय घातले नाही. ज्याने दोन वर्षे केवळ मोकळे केले, तो कैदखान्याचाच शिपाई निघतो, हे कथेच्या स्वतःच्या तर्काला धरून नाही. आमचा आक्षेप भाविकाचा आहे तितकाच वाचकाचाही आहे. वाईट कलाटणी ती वाईट कलाटणी.

आणि सर्वधर्मीय वाचकांचा मुद्दा घेतला तर सैतान तरी कोणत्या धर्माचा? त्याची शिंगे, नरक, करार, आत्म्याची विक्री, अपदूत घालवण्याचे विधी, हे सारे आपल्याच भांडारातून उचललेले. १९७३ च्या डिसेंबरात 'द एक्झॉर्सिस्ट' चित्रपट आल्यावर तर ती मागणी अधिकच वाढली. भांडारातील काळोखाचा कप्पा सर्वांना खुला; दिव्याचा कप्पा उघडला की मात्र कोणाच्या तरी भावना दुखावतात. वुल्फमन यांनी हे पुढे अधिक चतुराईने साधले. ड्रॅक्युलाच्या १९७६-७७ च्या अंकांत सैतानपूजकांनी बळकावलेल्या एका चर्चमध्ये भिंतीवर ख्रिस्ताचे चित्र आहे. ड्रॅक्युलाची पत्नी डोमिनी त्याच्याकडे पाहते, ड्रॅक्युला त्याच्यासमोर बेचैन होतो. ज्यू घरात वाढलेल्या लेखकाने आपल्या प्रभूला दिलेली ही जागा आम्हांस हृद्य वाटते. पण ते चित्र बोलत नाही. ताज नितलसारखेच तेही मुके आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याला राहू दिले गेले.

समितीला आम्ही अहवाल दिला तो असा: स्पेक्टरचे चार अंक मुलांच्या कपाटात ठेवू नयेत, बाकीचे ठेवावेत, आणि जाळायचे काहीही नाही. ज्येष्ठ सभासदांनी विरोध केला नाही. पन्नास वर्षांच्या घामट हवेने कागद इतका ठिसूळ झाला आहे की पाने उलटताना कडा हातात येतात, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांची सोय करावी लागेल, एवढाच खर्चाचा प्रश्न उरला.

पेटी ज्यांच्या घरातून आली त्या गृहस्थांची आम्ही नंतर भेट घेतली. वडिलांनी अंक आणले तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे होते. आज नातवंडांना मिस्साला घेऊन येतात. घोस्ट रायडरचा नववा अंक त्यांनी सर्वांत जास्त वेळा वाचला होता हे आम्ही न विचारताच ओळखले, कारण त्याची पाठ दोऱ्याने शिवलेली आहे. तो दाढीवाला कोण हे कोणी सांगावे लागले नाही, असे ते म्हणाले. इंग्रजी तेव्हा फारसे येत नव्हते, पण चेहरा ओळखीचा होता, रात्री भीती वाटली की तेच पान काढून झोपत असत. एकोणिसावा अंक त्यांच्या वडिलांना कोणत्याही बंदरात मिळाला नाही. पुढे काय झाले असेल, असे त्यांनी आम्हांस विचारले, तेव्हा आम्ही चहाचा पेला उचलला आणि विषय बदलला. हे त्रैमासिक त्यांच्या घरी जाते.